काट्यावरची मोटारसायकल

आज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला आणि हातातला चहाचा कप मी न पिताच खाली ठेवला. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, तरी भोंगा ऐकला की हात शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे जातो. गळीत सुरू झालं. कोपरगावच्या आमच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायला लागले. वळणावर उसाची टिपरं सांडतात, मागची गाडी ती चिरडते, डांबर चिकट होतं आणि पायातली चप्पल प्रत्येक पावलाला चटचट करते. दुपारी वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. पाहुणे नाक दाबतात. मला मात्र एखाद्या दिवशी तो वास आला नाही, तर कारखान्यात काहीतरी बिघडलं असणार असं वाटत राहतं.

यंदा या वासाला दुसरा एक वास येऊन मिळाला आहे, नव्या रबराचा आणि कातड्याचा. पोर्चमध्ये, तुळशीच्या कुंडीला लागून, राखाडी कापडाखाली माझी मोटारसायकल उभी आहे. ती इटलीत बनली, जहाजानं आली, आणि तिची वाट पाहण्यात माझा मागचा अख्खा हंगाम गेला. ती आली तरी एक गोष्ट व्हायची राहिली. सुनंदा, माझी बायको, सत्तावीस वर्षं माझ्या जुन्या स्कूटरवर मागे बसली. पाठीला तिची पर्स टोचत नसेल तर मला गाडी चालवल्यासारखं वाटायचं नाही. या गाडीवर मात्र ती एकदाही बसलेली नाही. त्यात गाडीचा काही दोष नाही.

दोष कुणाचा, ते सांगायचं तर माझं काम सांगावं लागेल. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन घ्यायचं. ऊस उतरवून रिकामी गाडी येते, तिचं वजन घ्यायचं. राहिला तो ऊस. काम म्हटलं तर एवढंच, पण त्या खोलीत हवेपेक्षा संशय जास्त भरलेला असतो. शेतकऱ्याला वाटतं कारखाना काटा मारतो, कारखान्याला वाटतं शेतकरी काहीतरी करतो, आणि दोघांनाही वाटतं मधे बसलेला कारकून समोरच्याला मिळालेला आहे. भरल्या गाडीच्या वेळी एखादा गडी अगदी सहज म्हणून काट्याच्या पत्र्यावर पाय ठेवून बिडी पेटवतो. त्याचं वजन उसात जातं. म्हणून माझी नजर आधी माणसाच्या पायांकडे जाते आणि मग तोंडाकडे. "पाय खाली घ्या" हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की एकदा मेहुणीच्या लग्नात स्टेजवर चढणाऱ्या मामांनाही म्हणालो. ते बिचारे खाली उतरले.

कुणाला वजन पटलं नाही, तर त्यावरही एक रीत होती. गाडी मागे घ्यायची, काटा शून्यावर आणायचा आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पुन्हा वजन करायचं. याला फेरवजन म्हणत. आकडा बदलला तर जुनी पावती फाडायची आणि नवी द्यायची. कुणी कुणाची माफी मागत नसे, पण नवी पावती हातात घेताना माणसाचा चेहरा निवळायचा. रंगनाथनाना नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी माझ्याकडे दर हंगामात, जवळजवळ दर खेपेला फेरवजन मागितलं. आकडा कधीच बदलला नाही. "आमी अडानी मान्सं," ते म्हणायचे, "पर डोळं हायेत आमाला." मला त्यांचा राग कधी आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मागितलं असतं.

मोटारसायकलीचं वेड याच काट्यावर लागलं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. भर हंगामात, बैलगाड्यांच्या रांगेतून धूळ उडवत एक गोरा माणूस भलीमोठी मोटारसायकल घेऊन आला. त्याला भंडारदऱ्याला जायचं होतं आणि तो चुकून उसाच्या गाड्यांमागे लागून कारखान्यात शिरला होता. मी खुणांनी रस्ता सांगितला. तेवढ्यात कुणीतरी मला म्हणालं, "भाऊसाहेब, घाला की काट्यावर." त्यानंही हसत गाडी पत्र्यावर घेतली. सगळे आकडा बघायला धावले. मी सवयीनं त्याचे पाय बघितले. एवढी मोठी गाडी, तिच्यावर तो बसलेला, आणि दोन्ही पाय पूर्ण सपाट पत्र्यावर, टाचांसकट. घरच्या ओट्यावर बसावं तसा तो निवांत होता. आकडा काय आला ते मला आज आठवत नाही. ते पाय आठवतात.

मी उंचीनं पाच फूट तीन इंच आहे. काट्यावरचं स्टूलसुद्धा मी सुताराकडून उंच करून घेतलं होतं, म्हणजे खिडकीतून ट्रॉलीचा वरचा भाग दिसावा. ही गोष्ट घरात कधी बोलली जात नाही. लग्नानंतर मी पहिली नवी पँट आणली, ती दुसऱ्या दिवशी खुंटीला होती आणि खालून बरोबर दोन बोटं आत घेऊन टिपलेली होती. मी सांगितलं नव्हतं, सुनंदानं विचारलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पँट अशीच होत आली. ती शाळेत शिकवून आल्यावर खिडकीजवळच्या शिवणयंत्रावर बसते, घडघड आवाज होतो आणि माझी पँट माझ्या मापाची होते. मी तिला कधी धन्यवाद दिले नाहीत, आणि दिले असते तर तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं.

तर निवृत्त झालो आणि दसऱ्याला आम्ही दोघं नाशिकला शोरूममध्ये गेलो. काचेचं दालन, गार हवा, फरशीत आपलं तोंड दिसेल अशी चकाकी. तिथल्या मुलीचं नाव केतकी. बोलायला मोकळी, पण वाक्याच्या शेवटी "सर, काळजीच करू नका" म्हणायची तिला सवय होती, आणि ज्या माणसानं एकतीस वर्षं काट्यावर काढली त्याला हे वाक्य ऐकलं की हमखास काळजी वाटायला लागते. मला हवी त्या लाल रंगाची गाडी तिथं नव्हती, ती परदेशातूनच मागवावी लागणार होती. दाखवायला दुसऱ्या रंगाची होती. केतकी म्हणाली, तिच्यावर बसून बघा. मी बसलो. टाचा जमिनीला पोचल्या नाहीत. अंगठे आणि पुढची बोटं तेवढी टेकली, आणि गाडीचं ओझं डावीकडे सरकायला लागलं तेव्हा मी हँडल घट्ट आवळलं. "कसं वाटतंय, सर?" केतकीनं विचारलं. "एकदम व्यवस्थित," मी म्हणालो. सुनंदा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. फॉर्मवर सही करून आम्ही बाहेर पडलो, वाटेत सिन्नरला मिसळ खाल्ली, आणि ती म्हणाली, "आली की मला पहिली फेरी भंडारदऱ्याची." मी म्हणालो, "कबूल."

मग वाट बघणं सुरू झालं. दिवाळीपर्यंत येईल म्हणाले होते. दिवाळीत केतकीचा फोन आला की गाडी इटलीतल्या कारखान्यातून निघाली आहे. निघाली म्हणजे कुठवर आली, असं मी विचारलं. तिनं जहाजाचं नाव पाठवलं आणि मोबाईलवर ते कुठं आहे हे बघायची सोय शिकवली. निळ्या समुद्रावर एक ठिपका. मी रोज सकाळी दाढी करण्याआधी ठिपका बघायचो. एकदा तो चार दिवस एकाच जागी उभा राहिला. मला वाटलं, आमची गाडी उतरवून दुसरीकडे विकली. "कुठंतरी थांबून चहा पीत असतील," सुनंदा म्हणाली. पाचव्या दिवशी ठिपका हलला, आणि मला हायसं वाटण्याऐवजी, चार दिवस थांबलाच का होता, हे जास्त खुपायला लागलं.

तोवर बाहेर हंगाम पेटला होता. तो माझ्याशिवाय चालला होता, ही गोष्ट मला कुणी समजावून सांगितली असती तर बरं झालं असतं. सकाळी उठून करायचं काय? पूर्वी या दिवसांत मला शेकडो गाड्यांवर संशय घ्यायचा असे. आता एकच गाडी होती, तीसुद्धा पाण्यात. मग सगळा संशय तिच्या वाट्याला आला. जुनी गाडी धुऊन पुसून नवी म्हणून देतील. टायर बदलतील. जिल्ह्याचं नाव बदललं त्या वेळचे कागद, त्यात एका पानावर अहमदनगर आणि दुसऱ्यावर अहिल्यानगर असं आलं, तेव्हा तर मी दोन दिवस केतकीला फोन करून एकाच माणसाचे दोन जिल्हे कसे असं विचारत होतो. "सर, दोन्ही तुम्हीच आहात, काळजीच करू नका," ती म्हणाली.

एक काळजी मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. त्या टाचा. मी मोरीत दार लावून चवड्यांवर उभं राहायची सवय करू लागलो. शंभरापर्यंत आकडे मोजायचे आणि खाली यायचं. पोटऱ्या दुखायच्या. मग गुपचूप बाजारात जाऊन जाड तळाचे बूट आणले, घोट्यापर्यंतचे, शेतात सापही चावणार नाही असले. "मोटारसायकलला असेच लागतात," मी सुनंदाला सांगितलं. तिनं बूट उचलून तळाकडून पाहिले आणि जागेवर ठेवले. "चांगले आहेत," म्हणाली.

संक्रांत झाली, तीळगूळ वाटून झाले, गाडी नाही. जहाज मुंबईला लागून बरेच दिवस झाले होते. केतकी म्हणायची, थोडं काम बाकी आहे. काय काम, तर ते नीट सांगायची नाही. एका गुरुवारी मी सुनंदाला श्रीरामपूरला जातो म्हणून सांगितलं आणि नाशिकची एसटी धरली. खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही, हे आता लिहिताना जाणवतं. शोरूमच्या मागे वर्कशॉप होतं. दरवाजा अर्धा उघडा. आत एक गाडी कापड टाकून उभी, आणि कापड जिथं सरकलं होतं तिथं मला माझा लाल रंग दिसला. वर सीट नव्हती. नुसता सांगाडा. "ही कुणाची?" मी विचारलं. केतकी म्हणाली, "ती दुसऱ्या कस्टमरची आहे, सर." मी तिच्या पायांकडे बघितलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली. काट्यावर असं करणारा माणूस मी कधी सोडला नव्हता.

घरी आलो तेव्हा सुनंदा मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. शिवणयंत्रावर तिचा मोबाईल वाजत होता. मी उचलायला गेलो, तर पडद्यावर नाव: केतकी शोरूम. मी हात लावेपर्यंत बंद झाला. मग मी जे केलं ते सत्तावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. मी तिच्या फोनमधले आलेले-गेलेले फोन पाहिले. त्या आठवड्यात केतकीशी तीन वेळा बोलणं, त्यातलं एक चौदा मिनिटांचं. माझ्याशी केतकी दोन मिनिटांच्या वर बोलत नसे.

कपड्यांचा ढीग घेऊन सुनंदा आत आली. मी फोन तिच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"फोन आहे माझा."

"केतकीशी चौदा मिनिटं काय बोलतेस?"

ती थांबली. एक क्षणच थांबली, पण मी तो क्षण टिपला. "गाडीची चौकशी," ती म्हणाली.

"तुला ती गाडी नकोच होती. रद्द करायला लावतेयस ना? सीट काढून ठेवलीय त्यांनी. मी आज बघून आलो."

"आज तुम्ही श्रीरामपूरला गेला होतात," ती म्हणाली.

यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी बसलो नाही. मी म्हणालो, माझ्या आयुष्यात मी एक गोष्ट स्वतःसाठी मागितली आणि तीही घरातल्याच माणसानं पळवली. हे वाक्य मी मोठ्यानं म्हणालो. सुनंदानं कपडे खाटेवर ठेवले आणि एकेक घडी घालायला लागली. माझीच एक पँट तिच्या हातात होती.

"आज तुम्ही मला काट्यावर उभं केलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "करा वजन. पण मग मी त्या गाडीवर बसणार नाही."

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. जेवणखाण, बोलणं, बाजार, सगळं चालू राहिलं. फक्त गाडीचं नाव ती काढेनाशी झाली. पूर्वी ठिपका कुठं आहे असं चिडवायची, ते बंद झालं. मला वाटलं, खोटं पकडलं गेल्यावर माणूस असाच गप्प होतो.

होळी होऊन गेली. उन्हं तापली, ऊस संपत आला, रस्त्यावरचे ट्रॅक्टर विरळ झाले. आणि हंगाम संपायला एक दिवस असताना टेम्पोतून गाडी आली. उघड्या टेम्पोत दोरखंडांनी बांधलेली, लाल, उन्हात डोळे दिपतील अशी. गल्लीतली माणसं जमली. सुनंदानं हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ मी फोडला. मी खिशातून कागद काढून तपासणी सुरू केली. इंजिनचा नंबर, चेसिसचा नंबर, टायरवरची तारीख, किती किलोमीटर चालली, काचेवर ओरखडा आहे का, आरशाचा स्क्रू. टेम्पोवाला घाम पुसत उभा होता. सगळं जुळलं, आणि जुळलं म्हणून मी थोडा खट्टू झालो. मग ते जाड बूट घालून वर बसलो. टाचा टेकल्या. मी मनातल्या मनात बुटांना शाबासकी दिली. मागे वळून सुनंदाला म्हणालो, "येतेस?" ती हात पुसत म्हणाली, "तुम्ही जाऊन या."

मी कुठं गेलो असेन? काट्यावर गेलो. कंपनीच्या कागदावर वजन दिलेलं असताना ते तपासल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. माझ्या जागी आता विजय नावाचा तरुण बसतो, त्यानं हसत पत्र्यावर घ्यायला सांगितलं. मी उतरून बाजूला उभा राहिलो, दोन्ही पाय पत्र्याच्या बाहेर. आमचा काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानंच आकडा दाखवतो, त्यामुळे आकडा कागदाच्या आसपास आला एवढंच म्हणता येईल. रांगेतले लोक जमले होते. "भाऊसाहेब, पाचटाची वजावट धरली का?" कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. एकतीस वर्षं त्यांच्या मोळ्यांतून मी पाचटाचं, म्हणजे वाळल्या पानांचं, वजन वजा करत आलो होतो, त्यांचा हक्कच होता.

रंगनाथनाना हसले नाहीत. शेवटची खेप घेऊन ते आले होते. काठी टेकत ते गाडीभोवती एक फेरी फिरले, वाकले, आणि सीटच्या कडेवर बोट फिरवलं.

"गाडी कुठली म्हनलात?"

"इटलीची."

"आन् सीट?"

"तीही तिकडचीच. का?"

"न्हाई," नाना म्हणाले. "बैलांच्या झुली शिवल्यात आमी. ह्यो टाका हितलाच हाय. दोरा बी येगळा दिसतुय. बघा तुमी."

मी मोबाईलवर कंपनीचं चित्र काढलं. चित्रातली सीट फुगीर होती, माझी बसकी. चित्रातली शिवण दुहेरी, माझी एकेरी. मी बघितलेला तो सांगाडा आठवला, आणि सगळे धागे जागच्या जागी बसले. सीट बदलली होती. आणि बायकोला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि नाशिकला निघालो. इतक्या दिवसांनी आलेली गाडी, तिच्यावरची पहिली लांबची रपेट, आणि मी निघालो होतो भांडायला. दोन्ही बाजूंना तोडून झालेल्या उसाची रानं, मधेच गव्हाची पिवळी पट्टी, वावीपाशी चहाची टपरी. यातलं मला त्या दिवशी काहीही दिसलं नाही. मी हेल्मेटच्या आत वाक्यं जुळवत होतो. शोरूममध्ये शिरलो तेव्हा तीन-चार गिऱ्हाईकं होती. मला ती हवीच होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "माझी मूळ सीट कुठं आहे?"

केतकी उठली. माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. "काका, जरा आत येता का?" पहिल्यांदाच तिनं मला सर म्हटलं नाही.

आत कपाटातून तिनं एक पिशवी काढली. पिशवीत मूळ सीट होती, फुगीर, दुहेरी शिवणीची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. "ही तुमचीच आहे. काकूंनी जपून ठेवायला सांगितली होती," ती म्हणाली. "दसऱ्याला तुम्ही फॉर्म भरत होतात, तेव्हाच काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ह्यांच्या टाचा टेकत नाहीत, आणि हे सांगणार नाहीत. कमी उंचीची सीट कंपनीकडे मागवली, ती आलीच नाही. मग इथं एका कारागिराकडून दुसऱ्या सीटचा फोम कापून घेतला. दोनदा केला. पहिल्यांदा फार कठीण झाला होता, काकू स्वतः येऊन हातानं दाबून बघून गेल्या, म्हणाल्या, ह्यांची कंबर दुखेल. म्हणून उशीर झाला."

"मला सांगायचं," मी म्हणालो.

"त्या म्हणाल्या, सांगू नकोस, त्यांना बरं वाटणार नाही."

मी पिशवी घेतली, ती गाडीला मागे बांधली आणि परत निघालो. रस्ताभर एकच विचार येत राहिला. माझा एकही संशय खोटा ठरला नव्हता. झाकलेली गाडी माझीच होती. केतकी खोटंच बोलली होती. चौदा मिनिटांत माझ्या पाठीमागेच काहीतरी ठरत होतं. सीट बदललेली होती. माझा एक आकडा चुकला नव्हता, आणि तरी मी पार चुकलो होतो. काटा वजन सांगतो, गाडीत काय भरलं आहे ते सांगत नाही. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि मी ते फक्त उसापुरतं लक्षात ठेवलं. मला स्वतःची लाज वाटली. वावीपाशी थांबलो, चहा सांगितला आणि न पिता पैसे दिले.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सुनंदा पायरीवर मेथी निवडत बसली होती. मागे बांधलेली पिशवी तिनं पाहिली आणि तिला सगळं कळलं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडी स्टँडवर लावून मी उभा राहिलो, हात कुठं ठेवावेत ते समजेना.

"बूट काढा," ती म्हणाली.

"काय?"

"बूट काढा आणि बसा."

मी बूट काढले, मोजे काढले. फरशी दिवसभर तापलेली होती. अनवाणी गाडीवर बसलो आणि पाय खाली सोडले. दोन्ही टाचा टेकल्या. नुसत्या टेकल्या नाहीत, अख्खं पाऊल सपाट पडलं. गाडीचं ओझं दोन पायांत वाटलं गेलं आणि ती माझ्याखाली गाईसारखी उभी राहिली. काल इंजिनपासून आरशाच्या स्क्रूपर्यंत सगळं तपासलं होतं. आयुष्यभर लोकांचे पाय बघत आलो, आणि माझेच बघायचे राहिले होते.

"टेकल्या?" तिनं मेथीवरून नजर न काढता विचारलं.

"टेकल्या."

मला पुढे बोलायचं होतं. काट्यावर चुकलं असं म्हणायची सवय नसते, तिथं नवी पावती द्यायची पद्धत. मी म्हणालो, "सुनंदा, तुझं फेरवजन करायचंय मला."

त्याच वेळी लांबून कारखान्याचा भोंगा झाला, लांबलचक, हंगाम संपल्याचा. तिनं तो संपेपर्यंत ऐकला. मग मेथीची काडी खुडत म्हणाली, "काटा बंद झाला. आता पुढच्या हंगामाला या." उशिरा आलेल्या गाड्यांना मी खिडकीतून हेच सांगायचो, आणि तिनं ते माझ्याच सुरात म्हटलं. मला हसू आलं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी गाडी चालवली, एकटाच. कोल्हारच्या पुलापर्यंत, देवळाली प्रवरापर्यंत, उगाच वळसे घालून. सिग्नलला थांबलो की टाचा टेकायच्या आणि दर वेळी मला ते वाक्य आठवायचं, मी मोठ्यानं बोललेलं. भंडारदऱ्याकडे मात्र गाडी वळवली नाही. मधे मी पुन्हा विचारलं नाही. रंगनाथनानांना मी कधी म्हटलं नव्हतं की पुरे झालं आता, विश्वास ठेवा. ज्याची हरकत, तो म्हणेल तेव्हाच ती मिटते.

आज सकाळी भोंगा झाला, मी कप खाली ठेवला, आणि हे सगळं आठवत इथं लिहीत बसलो. मघाशी शिवणयंत्राची घडघड थांबली. सुनंदा बाहेर आली तेव्हा पदर खोचलेला होता आणि खांद्यावर ती जुनी पर्स होती.

"हंगाम सुरू झाला म्हणतात," ती म्हणाली.

"झाला."

"मग काढा गाडी. भंडारदरा लांब आहे, उशीर नको."

लिहिणं तसंच टाकून उठलो. हे शेवटचं परत आल्यावर लिहितो आहे. मी कापड ओढलं, गाडी रस्त्यावर आणली आणि चपला घातलेले दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर रोवून बसलो. माझ्या खांद्यावर हात आला, गाडी किंचित खाली दबली आणि पाठीला पर्स टोचली. वजन किती पडलं, ते मी बघितलं नाही.